मामाच्या लग्नाचे अर्ज

मी शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि माझी मुलगी मैदानात पालथी पडली. ती पळताना मला दिसली ती फक्त आठ-दहा पावलं. मग गुडघे वाकले आणि तोंडावर पडली. कवायतीच्या बाई शिट्टी हातात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऊठ, नाटक पुरे झालं." बाकीच्या मुली रांगेत हसत होत्या.

माझ्या हातात तिच्या रजेचा अर्ज होता. मामाच्या लग्नाला गेल्यामुळे मुलगी तीन दिवस शाळेत येऊ शकली नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिला मामा नव्हता. मला भाऊच नाही.

अर्ज सकाळी घरी राहिला म्हणून मी कामावर जाता जाता द्यायला आले होते. तो नव्हता म्हणून तिला शिक्षा झाली होती. सव्वीस जानेवारीची कवायत जवळ आली होती आणि तालमीला जी मुलगी न सांगता गैरहजर राहील तिनं मैदानाला चार चकरा मारायच्या, असा कवायतीच्या बाईंचा नियम होता. मुलींनी मला नंतर सांगितलं, तिसऱ्या चकरेला ती थांबली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "लग्नात नाचता येते आणि इथं पळता येत नाही काय?" मग तिनं चौथी सुरू केली.

मी तिला उताणी केली. ओठ जांभळे पडले होते. झंपरावरून छाती उडताना दिसत होती. मी काही तिचं डोकं मांडीवर घेऊन रडले नाही. तोंडातली माती काढली आणि तिला बसती केली, कारण अशा वेळी आडवं ठेवायचं नाही हे मला माहीत होतं. तिनं डोळे उघडले आणि दम लागलेला असताना पहिली गोष्ट बोलली ती ही, "माय, मी सांगतलं नाई कोणाले."

तेव्हा मी मोठ्यानं बोलले. "हिच्या काळजाले बिमारी हाये. चार वर्सापासून हाये. हिले पळाची मनाई हाये."

मैदानात आमच्या वस्तीच्या आठ-दहा मुली होत्या. दुपारच्या आत ही गोष्ट घराघरात जाणार हे मला ठाऊक होतं. चार वर्षं झाकलेलं एका दमात उघडं पडलं. शिपाईण सायकलरिक्षा घेऊन आली आणि आम्ही तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेली.

हे कसं झालं ते आता सांगते.

आम्ही आधी अमरावतीला होतो. मुलगी आठ वर्षांची असताना तिचा घसा धरला, ताप आला आणि मग सांधे सुजायला लागले. आज गुडघा, उद्या मनगट. शेजारच्या बायांनी वात म्हटलं, एरंडाची पानं बांधली. महिनाभरानं सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांधे बरे होतील, पण काळजाची एक झडप बिघडली ती बिघडली. दर तीन आठवड्यांनी एक सुई घ्यायची, मोठी होईपर्यंत. चुकवायची नाही. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

मी जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस निवडायचे. तिचा बाप प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायचा. आमच्या घरात पोट भरायचं म्हणजे निंदण, वेचणी, नाही तर जिन. यातलं एकही काम तिला जमणार नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की हिला बसून करायचं काम पाहिजे आणि आमच्या माहितीतलं बाईनं बसून करायचं काम एकच होतं, मास्तरकी. सातवी पास झालेल्या मुलीला तेव्हा ट्रेनिंगला घेत. म्हणजे काही करून सातवी. मी स्वतः चौथी शिकलेली. त्या चौथीवर मला गाठीवरचे आकडे वाचता येत, एवढाच उपयोग झाला होता. पण तो झाला होता.

दुसरीकडे तिचं लग्नही मला पाहिजे होतं. माझी आई म्हणायची, "पोरीच्या जातीची बिमारी चुलीबाहेर जाऊ देऊ नाई." तिच्या गल्लीत मिरगी येणारी एक मुलगी होती. ती तशीच म्हातारी झाली, भावजयीच्या हाताखाली. आईनं ते पाहिलं होतं आणि मीही पाहिलं होतं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव एका दिवसात काढले, नदीत सोडले. पोरीची बिमारी झाकायची सवय काही निघाली नाही. ती देव्हाऱ्यात नव्हतीच.

मग आम्ही अकोल्याला आलो, कारण तिच्या बापाला इथल्या प्रेसवर बाराही महिन्यांचं काम मिळालं. ती सुई अकोल्यातही मिळत होती. पण दवाखान्यात आमच्या वस्तीतली दोन माणसं कामाला होती आणि बाहेरच्या रांगेत रोज कोणी ना कोणी ओळखीचं बसलेलं असे. म्हणून मी तिला दर तीन आठवड्यांनी अमरावतीला नेत होते. लोकांना सांगायचं, माहेरी चालले.

ते दिवस मला आता आठवले तरी कंटाळा येतो. सोमवारी पॅसेंजरनं निघायचं, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरायची, आईकडे मुक्काम. मंगळवारी डॉक्टर बसत. सकाळी सहाला रांगेत जाऊन बसायचं, नंबर अकरा-बाराला लागायचा. सुईतलं औषध कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं आणि घट्ट. जाड सुई लागे, मध्येच अडके आणि पुन्हा टोचावं लागे. ती रडत नसे. माझा हात धरत नसे. भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणे, बहुतेक सतराचा. नंतर दोन दिवस लंगडायची. बुधवारी तसंच लंगडत बडनेऱ्याला गाडी बदलायची, आणि गर्दीत जागा नसली की एका पायावर उभं राहायचं. गुरुवारी शाळा. माझे तिन्ही दिवस जिनवर खाडे पडायचे आणि तिचे शाळेत. असं चार वर्षं.

आमची शेजारीण तोंडाची फटकळ होती. ती म्हणायची, "सासू नाई न बाई तुले, म्हणून माहेर सुटून नाई राहिलं. आमाले तर माय मेली तरी धाडत नाईत." मी हसायचे. एकदा ती म्हणाली, "पोट्टी येता येता लंगडते काहून? आजी मारते काय?" मी म्हटलं, गाडीत पाय मुरगळला. तीन आठवड्यांनी पुन्हा पाय मुरगळला. बाईला ते कळलं असणार, पण काय असेल ते तिच्या डोक्यात आलं नाही. तिला वाटलं, मी नवऱ्याशी भांडून माहेरी पळते. मी तसंच वाटू दिलं.

दवाखान्याच्या चिठ्ठीवर मी मुलीचं खरं नाव दिलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी होती, तिचं नाव दिलं. बहीण लग्न होऊन दूर गेली होती, तिच्या मुलीला त्यानं काही होणार नव्हतं, असं मी धरून चालले. मुलीला बजावून ठेवलं होतं की हाक आली की ओ द्यायची. ती देत असे. मुलं अशा गोष्टी लवकर शिकतात.

शाळेचे अर्ज मी लिहायचे. तिचा बाप सहीपुरता. खरं कारण लिहायचं नव्हतं, कारण शाळेत कळलं की वस्तीत कळलं. मग काय लिहायचं? मी लहान असताना आमच्या गुरुजींकडे लोक जे अर्ज आणत तेच मला माहीत होते. लग्न, मौत, तेरवी, बाळंतपण. तेच मी आळीपाळीनं लिहिले. अक्षर चांगलं काढायचे. खाली 'आपली आज्ञाधारक' असं लिहायचे, ते पालकानं लिहायचं नसतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यामुळे शाळेत आमची जी ओळख झाली ती अशी, की या घरचे लोक ऊठसूट लग्नाला जातात आणि पोरीच्या शाळेची यांना कदर नाही. मुलगी हुशार होती, म्हणून बाई तिच्यावर जास्तच चिडत. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदा मला म्हणाली, "माय, एखाद्या वेळी मी आजारी होती असं लिही न." मी म्हटलं, "कोणती बिमारी म्हणून इचारतीन." तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

अकोल्याच्या दवाखान्यात ती पाच आठवडे होती. पहिले दहा दिवस काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते. तिला आडवं झोपता येत नव्हतं, उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा. कवायतीच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. वयानं लहान होत्या, वीस-बावीसच्या असतील. मला म्हणाल्या, "तुम्ही एक शब्द सांगितला असता तर." त्यांचं बरोबर होतं. संत्री आणली होती, ती खाटेखाली ठेवून गेल्या.

पाच आठवड्यांत मी शाळेत एकही अर्ज दिला नाही. सुचलंच नाही. सगळी खोटी कारणं वेळेवर पोचवली, आणि खरं कारण होतं तेव्हा कागद लिहिला नाही. त्या शाळेत कारण सगळ्यांना ठाऊक असलं तरी विनाअर्ज इतके दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी होत असे. तिचं झालं. फेब्रुवारी संपत आला होता आणि सातवीच्या परीक्षेचे फॉर्म त्याच आठवड्यात जाणार होते.

मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंच, सुकलेल्या, नेहमी पांढऱ्या पातळात. त्या रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि भिंतीवरच्या तारेला टोचलेले अर्ज काढले. त्यातले माझे वेगळे करायला त्यांना वेळ लागला नाही.

"तुमची आई कधी वारली?" त्यांनी विचारलं.

"जिती हाये."

"इथं तर दोनदा वारली आहे. एकदा श्रावणात, एकदा दिवाळीनंतर."

मी म्हटलं, "पोरीले दोन आज्या असतात बाई."

"दोन्ही आईच्या आई असतात?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. माझ्याच सुंदर अक्षरात दोन्हीकडे 'मुलीच्या आईची आई' असं होतं. मग त्यांनी तिसरा कागद वाचला, तो तेरवीचा होता. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यात आता तेरवी करत नाहीत ना?"

"नाई करत."

"मग खोटं लिहायचं तर निदान आपल्या घरचं तरी लिहायचं."

त्या हसल्या नाहीत. मला हसू आलं आणि मग लाज वाटली. मी त्यांना सगळं सांगितलं. चार वर्षांचं सांगायला पाच मिनिटं लागली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आजारपणाचे दिवस डॉक्टरच्या कागदावर माफ होऊ शकतात. लग्नाचे होत नाहीत. हजेरीत कमी पडणारे दिवस भरून निघाले तरच फॉर्म जाईल. डॉक्टरचा कागद आहे का?

होता. दवाखान्याची चिठ्ठी, चार वर्षांच्या सगळ्या सुयांच्या तारखा असलेली. ज्वारीच्या कणगीत तळाशी ठेवली होती. मी घरी जाऊन ती काढली आणि धावत आणली. मोठ्या बाईंनी हजेरीपट उघडला, एक तारीख लावून पाहिली, दुसरी लावली. दोन्ही जुळल्या. मग त्यांनी चिठ्ठीचं वरचं नाव वाचलं.

"ही कोण?"

"माह्या बहिणीची पोरगी."

त्यांनी चिठ्ठी बंद केली आणि टेबलावर ठेवली. "मग या कागदाचं मी काय करू, बाई?"

त्यांनी फॉर्म चार दिवस थांबवायचं कबूल केलं. मी दुसऱ्या दिवशी मुलीला आणि तिच्या बापाला घेऊन अमरावतीला निघाले. दवाखान्यातून तिला सोडून आठवडाही झाला नव्हता. बडनेऱ्याला पुलाच्या पायऱ्या तिला चढवेनात, तेव्हा तिच्या बापानं तिला पाठुंगळी घेतलं. बारा वर्षांची मुलगी. तिनं लाजेनं डोकं बापाच्या मानेत घातलं होतं. तिचा बाप कधी फार बोलला नाही. पण पूल उतरल्यावर मला एवढं म्हणाला, "तुया मायचं ऐकलं, माहं काहून नाई ऐकलं?" तो पहिल्यापासून म्हणत होता की शाळेत सांगून टाक. मी त्याला म्हटलं होतं, तुले काय समजते बायांचं.

डॉक्टरांना मी रांगेत नंबर आल्यावर सांगितलं की नाव खोटं आहे. ते आधी समजले नाहीत. समजल्यावर भडकले. इतके दिवस मी कोणाला सुई देत होतो, म्हणाले, उद्या या नावाची मुलगी खरंच आली आणि तिला ही औषधं दिली तर जबाबदार कोण? ते बोलत होते आणि मागची रांग ऐकत होती. मी म्हटलं, कागदावर खरं नाव लिहून द्या, नाही तर हिची परीक्षा जाते. ते म्हणाले, "ही तीच मुलगी, कशावरून? रोज शंभर पेशंट येतात. मी तोंडं लक्षात ठेवत नाही."

मुलीनं झंपराचं वरचं बटण काढलं आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. तिला मी सांगितलं नव्हतं.

त्यांनी नळी लावली. बराच वेळ ऐकलं, पाठीवरूनही ऐकलं. मोठं रजिस्टर काढून जुन्या नोंदी पाहिल्या. मग चिठ्ठीवरचं नाव खोडून खरं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. "तोंड नाही, पण हा आवाज माझ्या ओळखीचा आहे," असं म्हणाले. पुढे विचारलं, "अकोल्यात ही सुई मिळत नाही काय?"

मी म्हटलं, "मिळते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

मोठ्या बाईंनी चिठ्ठी घेतली आणि हजेरीपटाशी एकेक तारीख लावली. मी समोर बसून होते. सुईचे सगळे दिवस माफ झाले, दवाखान्याचे पाच आठवडे माफ झाले. तरी दिवस कमी पडले. मधूनमधून तिला साधा ताप यायचा, घसा धरायचा, तेव्हाही मी लग्नंच लिहिली होती आणि त्या दिवसांचा डॉक्टरचा कागद कुठेच नव्हता. मोठ्या बाईंनी बेरीज पुन्हा केली. मग पेन खाली ठेवलं. त्या बाईंना वाईट वाटलं, हे मला दिसलं. पण हजेरीपटात एक खोटी खूण करावी असं त्यांच्या मनात आलं नाही आणि मीही म्हटलं नाही. खोटं मी पुष्कळ करून झाले होते.

फॉर्म गेला नाही. वर्ष गेलं.

मुलीला मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पुढच्या साली तेच पुस्तक." एवढंच. जुलैत ती पुन्हा सातवीत बसली, तिच्याहून लहान मुलींबरोबर. मोठ्या बाईंनी तिचं नाव पुन्हा घातलं आणि वर्गाच्या हजेरीपटाला आतून एक कागद चिकटवला की या मुलीला पळवू नये, उन्हात उभी करू नये. कवायतीच्या तासाला ती झाडाखाली बसून बाकीच्यांच्या कवायतीचे आकडे मोजायची.

वस्तीत सगळ्यांना कळलं होतं. दोन महिने बायका विहिरीवर तेच बोलल्या. शेजारीण म्हणाली, "एवढी हुशार पोट्टी. आता कोण करन हिले?"

मी म्हटलं, "तुया पोराले नाई देत. तू नको घाबरू."

ती खो खो हसली. मग म्हणाली, तिच्या बहिणीलाही लहानपणी असंच सांधे सुजायचं, घरात कोणी बोलत नसे, आणि ती पहिल्या बाळंतपणात गेली. काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. हे तिनं मला चार वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा सांगितलं.

त्या वर्षी सुई अकोल्यातच घेतली. सकाळी जायचं, दुपारच्या सुट्टीनंतर ती वर्गात. तीन दिवसांच्या जागी अर्धा दिवस. चार वर्षं मी तिचे जे दिवस बुडवले त्यातले बहुतेक बिमारीनं बुडवलेच नव्हते, ते मी बुडवले. हे मी कोणाला सांगत बसले नाही, पण हिशेब मला येतो. अर्ज आता एका ओळीचा असे: इंजेक्शनसाठी अर्धा दिवस. ते लिहायला मला पहिल्यांदा फार वेळ लागला.

ती सातवी पास झाली. ट्रेनिंगला घेताना पुन्हा डॉक्टरचा कागद मागितला, तो खरा होता, आणि त्यावरून घ्यावं की नाही अशी खळखळ झाली, पण घेतलं. चांदूर रेल्वे गावाच्या बाजूला तिला पहिली शाळा मिळाली. खुर्चीवर बसून शिकवायची, साहेब तपासणीला आले तरी बसूनच.

तिचं लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं. त्यांना मी आधीच सगळं सांगितलं, ते चहा पिऊन गेले.

तिचा बाप जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी रिटायर झाली. मी अजून आहे, तीही आहे.